ऱ्हाईन नसलेल्या गावातली ऱ्हाईन

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आक्का अमेरिकेला जाऊन आलो. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा बघितलात काय?" नाही बघितला. न्यूयॉर्कचा पुतळाही नाही. आम्ही पाच आठवडे एकाच गावात राहिलो आणि त्या गावाचं नाव सिनसिनाटी. हे नाव सांगितलं की समोरचा माणूस "असं होय," म्हणतो आणि तिकडे उकाडा होता काय, यावर विषय नेतो. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आक्काची लेक, म्हणजे माझी भाची, तिथं असते. जावई धारवाडचे. भाची मुलीशी मराठीत बोलते, जावई कन्नडात बोलतात आणि दोघांचं भांडण मात्र इंग्रजीत होतं. सात वर्षांच्या नातीला दोन्हीकडचं सगळं समजतं आणि ती सगळ्याला इंग्रजीत उत्तर देते. आक्काला ती जी हाक मारते ती 'आजी' आणि 'अज्जी' यांच्या बरोबर मधोमध पडते. कुठल्या बाजूची समजायची ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. आपल्या भागात निम्म्या घरांत हे असंच असतं, त्यामुळे त्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. या गावानं दोन भाषांत वाढणारी मुलं आपल्या आधी कितीतरी वर्षं बघितली आहेत, हजारोंनी बघितली आहेत, आणि त्यांतल्या एका भाषेचं दार दीड-दोन वर्षांत बंद होतानाही बघितलं आहे.

पण आधी गाव कुठलं ते सांगते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या ओहायो राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, ओहायो नदीच्या उत्तर काठावर सिनसिनाटी वसलेलं आहे. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती ३ लाख ९ हजार, म्हणजे आपल्या बेळगावपेक्षा कमीच. १७८८ सालच्या डिसेंबरात इथं पहिली वस्ती पडली. समोरच्या काठाला दक्षिणेकडून लिकिंग नावाची नदी येऊन मिळते. एका मास्तरानं नव्या गावाचं नाव बनवलं, 'लोसांटीव्हिल'. लिकिंगचा 'ल', लॅटिनमधला 'ओस' म्हणजे मुख, ग्रीक 'अँटी' म्हणजे समोर आणि फ्रेंच 'व्हिल' म्हणजे गाव. लिकिंगच्या मुखासमोरचं गाव! चार भाषांची ही खिचडी राज्यपाल आर्थर सेंट क्लेअर यांच्या पचनी पडली नाही. त्यांनी १७९० मध्ये नाव बदलून सिनसिनाटी केलं. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांची एक संघटना होती, तिनं सिनसिनाटस या जुन्या रोमन सेनापतीचं नाव घेतलं होतं, त्यावरून हे. नांगर सोडून युद्धावर गेला आणि जिंकून पुन्हा नांगराला लागला, अशी त्याची ख्याती. गावांची नावं बदलतात कशी, हे काही आपल्याला नव्यानं शिकायला नको.

१८११ साली ओहायो नदीतून पहिली आगबोट गेली आणि गाव फुगायला लागलं. १८५० मध्ये एक लाख पंधरा हजार वस्तीचं हे शहर देशात सहाव्या क्रमांकावर होतं. कशाच्या जोरावर? डुकरांच्या. आजूबाजूच्या शेतांतून डुकरं हाकत आणायची, कापायची, मांस खारवून पिंपांतून बोटीत घालायचं. लोक गावाला 'पोर्कोपोलिस' म्हणत. या धंद्यात चरबी उरायची खूप, आणि चरबीपासून दोन गोष्टी होतात, मेणबत्ती आणि साबण. इंग्लंडहून आलेला प्रॉक्टर मेणबत्त्या करायचा, आयर्लंडहून आलेला गॅम्बल साबण करायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सासऱ्यानं दोन्ही जावयांना सांगितलं, एकाच चरबीसाठी काय भांडता, भागीदारी करा. १८३७ मध्ये ती झाली. आपल्या घराघरात ज्यांची साबण-पावडर येते ती जगड्व्याळ कंपनी ही दोन साडूंची. कन्नडात साडूला षड्डक म्हणतात हे जावयांना सांगितलं, तर म्हणाले, "मावशी, इंग्रजीत याला शब्दच नाही. ऑफिसात समजावून सांगताना घाम फुटतो."

नदीकाठच्या बागेत खांबांवर पंख लावलेली चार पितळी डुकरं उभी आहेत. १९८८ मध्ये शहराला दोनशे वर्षं झाली तेव्हा बसवली. आक्काचा सोमवार होता. तिनं लांबूनच बघितली.

आता नदी. मला सिनसिनाटीत सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर नदी आणि तिच्यावरचा निळा झुलता पूल. जर्मनीतून आलेल्या जॉन रोबलिंग नावाच्या इंजिनियरनं तो बांधला. १८५६ साली काम सुरू झालं, पैसे संपले, यादवी युद्ध आलं, आणि १८६६ च्या डिसेंबरात पायी माणसांसाठी, पुढच्या जानेवारीत गाड्यांसाठी तो उघडला. दोन दगडी मनोऱ्यांमधलं अंतर १,०५७ फूट; त्या वेळी जगात एवढा लांब झुलता पूल दुसरा नव्हता. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूलही याच रोबलिंगच्या आराखड्याचा, पण तो नंतरचा, १८८३ चा. पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा आहे, त्यामुळे गाड्या गेल्या की गुणगुणल्यासारखा आवाज येतो. लोक त्याला गाणारा पूल म्हणतात.

पुलाच्या पलीकडे केंटकी राज्य. "म्हणजे नदीच्या मध्यावर सीमा," आक्का म्हणाली. आपण कागलजवळ दूधगंगेचा पूल ओलांडला की मनात तसंच काहीतरी धरतो. जावई हसले. नदी जवळजवळ सगळी केंटकीची आहे! केंटकी १७९२ मध्ये वेगळं राज्य झालं तेव्हा त्याची हद्द ठरली ती उत्तरेच्या, म्हणजे ओहायोच्या काठावर पाणी उन्हाळ्यात जिथवर उतरतं तिथवर. पुढे नदीवर बंधारे झाले, पाणी वर चढलं, काठ उत्तरेकडे सरकला. मग हद्द पाण्याबरोबर सरकली की जुन्याच जागी राहिली? ओहायोनं १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मध्येच त्यांनी नदीचा मध्य मागायचाही प्रयत्न केला. न्यायालयानं १९७३ मध्ये सांगितलं, इतकी वर्षं गप्प बसलात, आता ते मागता येणार नाही. शेवटी १९८० मध्ये निकाल लागला की १७९२ साली पाणी जिथं उतरत होतं तीच रेघ हद्द. ती रेघ आता पाण्याखाली आहे. चौदा वर्षांत सीमेचा दावा निकाली निघतो, हे ऐकून मी आणि आक्का एकमेकींकडे बघत राहिलो. आपला दावा २००४ पासून दिल्लीत पडून आहे.

पण ती रेघ एका काळी फार भयंकर होती. १७८७ च्या कायद्यानं नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. दक्षिणेला, केंटकीत, माणसं विकली जात होती. त्या काठावरच्या माणसाला हा काठ रोज दिसायचा. नदी थंडीत गोठली की लोक रात्री बर्फावरून पळून यायचे. त्यांना लपवणारी, पुढे उत्तरेला कॅनडापर्यंत पोचवणारी घरं होती. त्या गुप्त साखळीला 'जमिनीखालची रेल्वे' म्हणत. रेल्वे नव्हती, रूळ नव्हते. घरांना स्टेशन म्हणायचे आणि वाट दाखवणाऱ्याला कंडक्टर. लेव्ही कॉफिन हे क्वेकर पंथाचे गृहस्थ १८४७ पासून सिनसिनाटीत राहत होते. ते आणि त्यांची बायको कॅथरिन यांनी कित्येकांना असं पार केलं. १८५० मध्ये कायदा कडक झाला. पळालेला माणूस बंदी असलेल्या राज्यात सापडला तरी त्याला मालकाकडे परत पाठवायचं, आणि लपवणाऱ्यालाही शिक्षा.

पुलाजवळच २००४ मध्ये या इतिहासाचं मोठं संग्रहालय उघडलं, 'नॅशनल अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर'. आत एक दुमजली लाकडी खोली उभी केली आहे. केंटकीतल्या एका शेतावर तंबाखूच्या गोदामाच्या पोटात ती सापडली. साधारण १८३० च्या सुमाराची. अँडरसन नावाचा व्यापारी दक्षिणेला विकायला न्यायची माणसं तिच्यात कोंडून ठेवत असे. कोंडवाडाच म्हणायचा. आम्ही निपाणी भागातली माणसं, तंबाखूची वखार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक. तुळया बघून आक्का आधी म्हणाली, "आपल्या वखारीसारखीच की गं." मग तिला वरच्या तुळईतल्या लोखंडी कड्या दिसल्या. ती बाहेर जाऊन बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

१८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर नावाची बाई नवरा, मुलं, सासूसासरे यांच्यासह गोठलेल्या नदीवरून इथं आली. काही तासांत पकडणारे घरासमोर उभे राहिले. पोटच्या मुलीला परत तिथं जाऊ द्यायचं नाही म्हणून तिनं दोन वर्षांच्या लेकीला स्वतःच्या हातानं मारलं. खटल्यात प्रश्न काय होता? तिच्यावर खुनाचा आरोप ठेवायचा, म्हणजे तिला माणूस मानायचं, की मालकाची चीज म्हणून परत करायचं. तिला परत केलं. टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही १९८७ ची कादंबरी या घटनेतून निघाली. हॅरिएट बीचर स्टो यासुद्धा १८३२ ते १८५० या शहरात राहत होत्या. १८४९ च्या पटकीत त्यांचं तान्हं मूल इथंच गेलं, आणि मूल हिरावलेल्या गुलाम आईचं दुःख त्यांना तेव्हा कळलं, असं त्या पुढे सांगत. १८५२ मध्ये 'अंकल टॉम्स केबिन' पुस्तकरूपानं आलं. ते राहते घर आज संग्रहालय आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. मीही शिकवते. ते लोक म्हणजे कोण, हे मात्र मला त्या नदीकाठी उभी राहिल्यावर जरा समजलं.

आता मथळ्यातली ऱ्हाईन. ऱ्हाईन नदी जर्मनीत. सिनसिनाटीत होता तो कालवा. ओहायो नदीपासून उत्तरेला इरी सरोवरापर्यंत जाणाऱ्या या कालव्याचं काम १८२५ मध्ये सुरू झालं आणि १८४५ मध्ये पुरं झालं. त्याच काळात जर्मनीतून माणसं लोंढ्यानं यायला लागली आणि कालव्याच्या उत्तरेला स्वस्त जागेत राहायला लागली. गावातली बाकीची माणसं कालव्याचा पूल ओलांडताना म्हणायची, चला ऱ्हाईनपलीकडे. हेच नाव वस्तीला चिकटलं, 'ओव्हर-द-ऱ्हाईन'. टोमण्याचं नाव होतं, राहणाऱ्यांनी अभिमानानं घेतलं. पलीकडे जर्मन वर्तमानपत्रं, जर्मन चर्च, व्यायामशाळा, गायनमंडळं आणि अर्थातच बिअरचे कारखाने. गावच्या मधल्या चौकातलं मोठं कारंजंसुद्धा म्युनिकला ओतून आणलेलं, १८७१ चं.

आणि शाळा. १८४० पासून सिनसिनाटीच्या सरकारी शाळांत जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवत. खालच्या वर्गांना दोन शिक्षक असायचे, अर्धा दिवस जर्मनचा आणि अर्धा दिवस इंग्रजीचा. मुलं तीच, वर्ग तोच, बाई बदलायच्या. हे एक-दोन वर्षं नव्हे, पाऊणशे वर्षं चाललं. आक्का अडतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती. बाकीचं सगळं तिनं ऐकून घेतलं, पण इथं तिनं मला थांबवलं. "गणित कुठल्या भाषेतलं? पाढे कुठले म्हणायची?" आपल्याकडे चौथीपर्यंत एक आणि पाचवीला दुसरी भाषा आल्यावर पोरांचे पाढे कसे अडखळतात, ते तिनं बघितलंय.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली. त्याच वर्षी डिसेंबरात सिनसिनाटीच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक अर्न्स्ट कुनवाल्ड यांना अटक झाली. ते ऑस्ट्रियाचे, एवढं पुरे होतं. त्यांना जॉर्जियातल्या छावणीत डांबलं. ९ एप्रिल १९१८ ला नगरपालिकेनं रस्त्यांची जर्मन नावं बदलली. ब्रेमेन रस्ता रिपब्लिक झाला, बर्लिनचा वुड्रो, व्हिएन्नाचा पनामा, हंबोल्टचा टाफ्ट. आणि 'जर्मन स्ट्रीट' होता त्याचा केला 'इंग्लिश स्ट्रीट'! यात कल्पकतेचा कंटाळा दिसतो, पण हेतू स्पष्ट आहे. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, ओहायो राज्यानं कायदाच केला की आठवीच्या खाली कुठल्याही शाळेत, सरकारी असो, चर्चची असो की खासगी, जर्मन शिकवायचं नाही. युद्ध संपून तेव्हा काही महिने झाले होते. 'फोल्क्सब्लाट' हे १८३६ पासूनचं जर्मन दैनिक त्याच वर्षी बंद पडलं. पाठोपाठ दारूबंदी आली आणि बिअरचे कारखाने, बागा, सगळंच गेलं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, "आणि त्या अर्ध्या दिवसाच्या बाई?"

१९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असे कायदे घटनाबाह्य ठरवले. नेब्रास्का राज्यात एका शिक्षकाला जर्मन शिकवल्याबद्दल दंड झाला होता, ते प्रकरण मुख्य. त्याबरोबर ओहायोचा कायदाही गेला. आईबापांना मुलाला कुठली भाषा शिकवायची याचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ. हक्क मिळाला, पण तोवर मागणारं कोण उरलं होतं? इथं थोडं खरं बोलायला हवं. सगळा दोष कायद्याचा नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची मुलं आधीपासूनच आपसात इंग्रजी बोलत होती, पैसेवाले जर्मन कालवा सोडून टेकड्यांवरच्या नव्या वस्त्यांत गेले होते. पण जी गोष्ट हळूहळू व्हायची ती भीतीनं एकदम झाली. रस्त्यात जर्मन बोललं की संशय, म्हणून आईबाप घरातही मुलांशी बोलेनासे झाले, आणि घरातलं बोलणं एकदा थांबलं की कुठलं न्यायालय ते परत सुरू करणार? तुलना मात्र जपून करावी. जर्मन तिथं बाहेरून आलेली होती. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही इथल्याच मातीतल्या, एकमेकींच्या घरात शेकडो वर्षं शब्द उसने मागायला जाणाऱ्या.

ओव्हर-द-ऱ्हाईन आज बघायला फार देखणं आहे. लाल विटांच्या तीन-चार मजली इमारती, उंच अरुंद खिडक्या, वर कोरीव छज्जे. जुन्या इमारतींचा एवढा मोठा सलग भाग अमेरिकेत फार थोड्या शहरांत उरलाय. १९८३ मध्ये तो राष्ट्रीय वारशाच्या यादीत आला. तिथंच १८७८ चं म्युझिक हॉल आहे, देवळासारखं दिसणारं. पण हे देखणेपण नवं आहे. जर्मन गेल्यावर गरीब गोरे डोंगरी लोक आणि मग कृष्णवर्णीय लोक इथं आले. शेजारच्या वेस्ट एंड वस्तीतून १९५० च्या दशकाअखेरीस महामार्गासाठी आणि कारखान्यांसाठी सुमारे २५ हजार माणसं उठवली होती, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. त्यांतले कित्येक इथं आले. २००१ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी एका नि:शस्त्र तरुणाला गोळी घातली आणि या वस्तीत मोठी दंगल उसळली. त्यानंतर पैसा आला, रंगरंगोटी झाली, कॉफीची दुकानं आली, भाडी चढली. आता त्या गरिबांना तिथं राहणं परवडत नाही. वारसा जपला असं म्हणताना हेही म्हणायला हवं.

रिपब्लिक स्ट्रीटवर आम्ही मुद्दाम गेलो. छोटी गल्ली आहे. आताच्या नावाच्या पाटीबरोबर जुन्या 'ब्रेमेन स्ट्रीट'चीही पाटी लावली आहे, आणि जर्मनविरोधी उन्मादामुळे हे नाव ९ एप्रिल १९१८ ला बदललं, असं तिच्यावर नोंदवलं आहे. नाव परत बदललं नाही. फक्त काय झालं होतं ते लिहून ठेवलं. मी त्या पाटीसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. पाट्यांवरून आपल्याकडे काय काय होतं ते या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. नातीनं मला विचारलं, "डिड दे आस्क द पीपल हू लिव्ह हिअर?" मी मराठीत म्हटलं, "नाही गं." तिनं मान हलवली, म्हणजे समजलं.

बाकी बघण्यासारखं पुष्कळ आहे, भराभर सांगते. १९३३ चं युनियन टर्मिनल हे रेल्वे स्टेशन म्हणजे अर्धा घुमट उभा करून ठेवलाय. आत रंगीत काचेच्या तुकड्यांची भव्य भित्तिचित्रं आहेत, आणि ती काढणारा विनोल्ड राइसही जर्मनीतच जन्मलेला. तिथं १९९० पासून संग्रहालयं आहेत, गाडी मात्र तुरळक येते. १९३७ च्या जानेवारीत नदी ८० फुटांवर चढली होती, त्या पुराच्या खुणा दाखवतात. कालवा आटल्यावर त्याच्या जागी शहरानं १९२० मध्ये भुयारी रेल्वे सुरू करायला घेतली, दोन मैलांवर बोगदे खणले, पैसे संपले, वरून रस्ता केला. आजवर एकही प्रवासी त्यातून गेलेला नाही. हे ऐकल्यावर आक्काचा अमेरिकेबद्दलचा आदर थोडा कमी आणि आपुलकी बरीच वाढली. जुन्या दुकानांच्या, पेट्रोलपंपांच्या दिव्यांच्या पाट्यांचं एक संग्रहालयही आहे, अख्खं पाट्यांचंच! आमच्या नातीला सगळ्यात आवडलं ते हेच.

आणि आज जर्मन कुठे आहे? १९७६ पासून सप्टेंबरात 'ऑक्टोबरफेस्ट' भरतो, लाखो लोक येतात, नाव मुद्दाम जर्मन उच्चाराचं 'झिनझिनाटी' लावतात. भाषा बिअरच्या मगावर शिल्लक आहे. मात्र एक सरकारी शाळा अशी आहे जिथं १९७० च्या दशकापासून पुन्हा लहान मुलांना जर्मन शिकवतात, फेअरव्ह्यू-क्लिफ्टन तिचं नाव. तिथं शिकणाऱ्या बहुतेक मुलांचे पूर्वज जर्मन नाहीत. आमच्या भाचीची शेजारीण आपल्या मुलाला त्याच शाळेत घालते. तो तिसरीतला मुलगा अंगणात जर्मन आकडे म्हणत दोरीवरच्या उड्या मारत होता, आणि आमची नात पायरीवर बसून बघत होती.

त्या रात्री घरात इंग्रजीत भांडण झालं. गावात रविवारी सकाळी मराठीचा एक वर्ग भरतो आणि रविवारी सकाळीच, दुसऱ्या टोकाला, कन्नडचा. भाची म्हणते मराठी, जावई म्हणतात कन्नड, दोघांचंही म्हणणं बरोबर, आणि पोरगी दोन वर्षं कुठेच गेलेली नाही. आक्का वरच्या खोलीतून खाली आली आणि म्हणाली, "अर्धा दिवस ही, अर्धा दिवस ती, हे तुमच्याच गावात होतं की रे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही काय?" मग तिनं जावयांशी कन्नडात आणि लेकीशी मराठीत असं दोन्हीकडे खरपूस बोलून घेतलं. निकाल काही लागला नाही.

निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही फिंडले मार्केटला गेलो. ओव्हर-द-ऱ्हाईनमधली ही मंडई १८५५ पासून एकाच लोखंडी सांगाड्याखाली भरते. २०१६ मध्ये सुरू झालेली ट्राम थेट दारात सोडते आणि २०२० पासून तिला तिकीटच नाही, त्यामुळे आक्का दोनदा उगीचच चढली-उतरली. बाजाराची यादी नातीनं घरीच लिहून आणली होती. आईनं सांगितलेलं एक, वडिलांनी सांगितलेलं एक, असं करत तिनं सगळं इंग्रजी अक्षरांत उतरवलं होतं. तिसऱ्या ओळीवर 'कांदा' आणि सहाव्या ओळीवर 'उळ्ळागड्डी'. भाजीवाल्याकडून तिनं दोन वेगळ्या पिशव्या भरून घेतल्या. मी म्हटलं, "अगं, हे दोन्ही एकच ना?" तिला माहीत होतं. "वन इज आईज, वन इज अप्पाज," ती म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून, पहिल्यांदाच, मराठीत म्हणाली, "दोन पाहिजे."

दुसऱ्या दिवशी विमानाच्या आधी आक्कानं त्यातल्या बऱ्याचशा कांद्यांची भजी केली.